मायच्या हातचं तेल

मी गाव सोडलं तेव्हा माझ्या पायात वडिलांच्या, दादांच्या, चपला होत्या. माझ्या चपलांचे पट्टे मला सहन होत नव्हते आणि दादांच्या दोन बोटं मोठ्या होत्या. दुपारी दोनची एसटी फाट्यावर येईपर्यंत दादा अनवाणी उभे होते, आणि उन्हात पाय पोळतात हे दिसू नये म्हणून रस्त्याकडे बघत होते. मायनं औषधाच्या जुन्या बाटलीत करडईचं तेल भरून दिलं, लसूण आणि ओवा घालून कढवलेलं. झाकणावर प्लास्टिक गुंडाळून त्यावर दोरा बांधलेला. "रोज चोळ, आळस करू नको," माय म्हणाली. दादा म्हणाले, "तिकडं कुनाला काही सांगत बसू नको." दादांचं मी तीन वर्षं ऐकलं. मायचं एक दिवसही नाही.

गावात राहिलेल्यांना काय झालं ते ठाऊक आहे. पण आपल्यातले अर्धे त्याआधीच पुण्याला, सुरतेला, भिवंडीला गेले होते, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. मी तेव्हा विहिरीवरच्या मोटारींचं रिवायंडिंग करायचो. शिवारातल्या मोटारी चोरीला गेल्या. मोटार उघडायची कशी आणि तांबं कुठं विकतं हे मला माहीत, म्हणून चोर मीच, असा सरळ हिशेब झाला. वस्तीवरचा होतो, त्यामुळे तो हिशेब कुणी तपासून बघितला नाही. "चौकशीला चल" म्हणून पोलिसांनी नेलं आणि तीन दिवस ठेवलं. कुठल्याही वहीत माझं नाव नव्हतं. पाय बांधून तळपायांवर पट्ट्यानं मारायचे, मग फरशीवर पाणी ओतून त्यावर चालायला लावायचे. त्यानं सूज पसरते, दिसत नाही, हे मला पुढे कळलं. तेव्हा वाटलं होतं, पाणी गार आहे, निदान एवढी दया केली. चौथ्या दिवशी दुसऱ्या तालुक्यात खरे चोर सापडले आणि मला "जा" म्हणाले. त्या एका शब्दापलीकडे मला आजवर कुणी काही म्हटलेलं नाही.

घरी आल्यावर मायनं चुलीत वीट तापवली. फडक्यात गुंडाळून शेक दिला, मग तेल, परत शेक. दिवसातून चार वेळा, बारा दिवस. तिचा हात वस्तीत नावाजलेला. बाळंतिणी, मुरगळलेलं मनगट, लचकलेली कंबर, सगळे तिच्याकडे यायचे. बाराव्या दिवशी मी तक्रार द्यायचं ठरवलं आणि सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पाय उलटसुलट करून बघितले आणि लिहिलं, बाह्य जखम आढळून आली नाही. त्या ओळीवर तक्रार बसली ती पुन्हा उठली नाही. मीही गावात बसेनासा झालो. ज्या पारावर आपण पत्ते खेळायचो तिथून पोलीस ठाण्याची गाडी रोज जायची, आणि ड्रायव्हर मला हात करायचा.

नाहूरला अक्काकडे आलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन इकडे आली आणि चार वर्षांत अशी मुंबईकर झाली की मायलाही फोनवर "चल, ठेवते ना" म्हणायची. घाटकोपरला एका दुकानात काम मिळालं. पंखे, पंप, मिक्सर, वाइंडिंग तेच. हात चालत होते. अडचण फरशीची होती. अक्का सकाळी लादी पुसायची आणि ती वाळेपर्यंत मी कॉटवरून खाली उतरायचो नाही. आधी ती हसायची, "अरे, लादी आहे ती, विंचू नाही. उतर ना खाली." एकदा घाईत तिनं माझा हात धरून ओढलं. मी काय केलं ते मला आठवत नाही, पण त्यानंतर ती मी कामाला गेल्यावरच लादी पुसायला लागली आणि हसली नाही. मोजे मी तेव्हा झोपतानाही घालायचो.

तिनंच विहारातल्या बायकांना विचारून घाटकोपरचं केंद्र शोधलं. साडीला फॉल लावणाऱ्या दुकानाच्या वर दोन खोल्या. कोठडीत मार खाल्लेली माणसं तिथं येतात. पाय-पाठ नीट करायला व्यायाम शिकवतात, झोप लागत नाही त्यावर बोलतात, कागदपत्रांना वकील देतात. तिथल्या डॉक्टर परब मॅडम मूळच्या मालवणकडच्या, बोलायला तडकाफडकी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सुटल्यावर घरी काय केलंत?" मी कौतुकानं मायचं तेल आणि वीट सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बारा दिवसांत अर्धं तसंही जातं रे," त्या म्हणाल्या. "राहिलेलं शेकानं आणि चोळण्यानं गेलं. म्हणून कागद कोरा." मग माझं तोंड बघून त्यांचं मालवणी बाहेर आलं, "आवशीक काय ठावक? आईला काही बोलू नको हां."

मी बोललो नाही. पण माय दर रविवारी फोनवर तेच सांगायची. "माझ्या हाताला गुण हाय. एक डाग राहू देला न्हाई." मी म्हणायचो, "हो माय, खरंय." खोटं नव्हतंच ते. मला तिचा राग यायचा, हे इथे लिहून टाकतो. माझे पाय मांडीवर घेऊन बसलेल्या बाईचा राग आणि त्या रागाची लाज, दोन्ही एकदम. फोन ठेवला की मी विषय बदलावा तसा पंखा उघडून बसायचो.

केंद्रात मला बरं केलं ते डॉक्टरांनी आणि एका फडक्यानं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी माझ्या हातात बादली दिली आणि म्हणाल्या, आज खोली तू पूस. ओल्या लादीवर पाय नाही ठेवायचा, फक्त पुसत मागे सरकायचं. मग एक पाय. मग मोजा काढून एक पाय. याला सहा महिने लागले. पुढे दुकान अर्धवेळ करून मी तिथेच लागलो. आता वस्त्यांमधून रविवारी बैठका घेतो. कुणाला उचललं तर घरच्यांनी ताबडतोब ठाण्यात जायचं, एकट्यानं नाही, दोघा-तिघांनी. नोंद झाली का विचारायचं, अटकेचा कागद मागायचा, डॉक्टरी तपासणीचा आग्रह धरायचा. कुणीतरी बाहेर बसून आहे हे आत कळलं की हात आपोआप आवरतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. माझ्या वेळी दादा तीन दिवस घरात बसून होते, कारण जाऊन विचारायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.

दादा गेले आणि माय नाहूरला आली. येताना पितळी तांब्या, बाबासाहेबांचा फोटो आणि तेलाची बाटली घेऊन आली. महिन्याभरात अख्ख्या चाळीचे गुडघे तिच्या हाताखाली. आमच्या विहारातल्या बैठकांनाही ती यायला लागली, तिसऱ्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यातल्या बायकांबरोबर. म्हणून जखमांचा भाग आला की मी तो डॉक्टर मॅडमना द्यायचो आणि बाहेर चपला नीट लावायला जायचो; तेलाचं त्या नंतर एकेकाला बाजूला घेऊन सांगायच्या. दोन वर्षं ही युक्ती चालली.

एका रविवारी मॅडम तापानं झोपल्या. भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत मीच बोललो. "माणूस घरी आला की आधी फोटो. वळाच्या शेजारी पट्टी ठेवा, पट्टी नसेल तर काडेपेटी ठेवा, म्हणजे माप कळतं. मग सरकारी दवाखाना, त्याच दिवशी. प्रत्येक मार दाखवायचा, लिहून घ्यायचा. तोवर शेकायचं नाही. तेल लावायचं नाही."

मागून एकानं विचारलं, "तेलानं काय होतंय?"

"निशाण जातं," मी म्हणालो. "मग केस जाते."

माय शेवटपर्यंत बसली. सतरंज्या घड्या करायला मदत केली. घरी आल्यावर तांब्याभर पाणी प्याली आणि तिनं विचारलं, "तुझी केस माझ्यामुळं गेली?"

मी नाही म्हणालो. ती नुसती बघत राहिली, तेव्हा हो म्हणालो. मग बारा दिवसांचं, ओल्या फरशीचं, डॉक्टरांचं, सगळं सांगायला लागलो, पण तिनं हातानं थांबवलं. "इतकी वर्षं मला मिरवू देलं तू," ती म्हणाली. तिनं तेलाची बाटली फळीवरून उचलली आणि माळ्यावर, गाद्यांच्या मागे टाकली. कुणी गुडघा घेऊन आलं तर सांगायची, हात दुखतो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी शेजारच्या गल्लीतल्या सुरेशला उचललं. सुरेश रंगकाम करतो. ज्या घरात रंग चालू होता तिथला मोबाइल हरवला, एवढंच. दोन दिवसांनी, शनिवारी दुपारी, रिक्षातून घरी आणून सोडला. ठाण्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. त्याची बायको कविता वाटी घेऊन धावत मायकडे आली. तेल द्या, पाय काळेनिळे झालेत, उभं राहवत नाही.

मी घाटकोपरला होतो. पुढचं मला कवितानंच नंतर सांगितलं. माय म्हणाली, तेल देणार नाही. कविता रडली, मग भांडली. माय उठून तिच्याबरोबर गेली, सुरेशला पाणी पाजलं आणि कविताला म्हणाली फोटो काढ. तोवर चुलत सासू तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम करत होती. मायनं गॅस बंद केला आणि उंबऱ्यात आडवी बसली. सुरेश कण्हत होता. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, म्हातारीला काळीज नाही. माय म्हणाली, "मला लई काळीज होतं. त्यानंच माझ्या लेकराचा पुरावा पुसला."

मग अक्काच्या फोनवरून तिनं मला फोन केला. "मी दारात बसले. तू डागदर घेऊन ये. लवकर ये, मला ऐकवत न्हाई त्याचं."

आम्हाला पोहोचायला तास लागला. कविताच्या फोनमध्ये अकरा फोटो होते आणि प्रत्येकात तळपायाशेजारी आमच्या उदबत्तीची काडेपेटी. माय ती घरून कनवटीला लावून घेऊन गेली होती. परब मॅडमनी फोटो पाहिले, सुरेशला तपासलं आणि मायला म्हणाल्या, "गार पाण्याचा फडका चालला असता हो." माय म्हणाली, "ते तुमच्या पोरानं सांगितलंच न्हाई." ही माझी चूक होती. आता बैठकीत सांगतो.

सरकारी दवाखान्यात संध्याकाळपर्यंत बसलो. माणसाच्या आकृतीवर डॉक्टरांनी एकेक खूण केली, लांबी-रुंदी लिहिली, सही-शिक्का दिला. खालच्या ओळीत "बाह्य जखमा आढळून आल्या" असं लिहिलेलं होतं. मी तो कागद दोनदा वाचला. सुरेशचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तारखा पडताहेत. चौकशीला बोलावलं तर आता तो वकील घेऊन जातो आणि बाहेर आम्ही चौघं-पाचजण बसतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी मायनं मला स्टुलावर चढवून गाद्यांमागची बाटली काढायला लावली. सुरेशचे पाय तिनं रोज चोळले. तिसऱ्या आठवड्यात तो जिना चढला. कविताशी तिचं आता इतकं जमलंय की दोघी मिळून मला नावं ठेवतात.

तुम्ही गावातले फोनवर विचारता, गावाला कधी येतोस. ज्यांनी माझ्यासारखं गाव सोडलं त्यांनाही हे विचारलं जात असेल. मी इतकी वर्षं म्हणायचो, सुट्टी नाही. खरं असं की गाव म्हटलं की मला दादांचे अनवाणी पाय आठवायचे आणि माझे बांधलेले. तो पार, तो हात करणारा ड्रायव्हर. मी येईन, जयंतीला येईन. पण पाहुणा म्हणून येईन. घर विचारलंत तर नाहूर सांगेन, आणि ते कधीपासून, तेही सांगता येईल.

मागच्या महिन्यातला रविवार, सकाळ. अक्का आता मला विचारून लादी पुसते, ती पुसत होती आणि मी बैठकीसाठी घातलेल्या मोज्यांतच ओल्या लादीवरून चहा घेऊन चाललो होतो. माय भिंतीला टेकून बसली होती, वाटीत तेल कोमट करून. मला वाटलं सुरेशकडे निघाली. तिनं मांडीवर फडकं पसरलं आणि म्हणाली, "मोजे काढ."

मी म्हणालो, माय, आता काय उपयोग, त्याला किती वर्षं झाली.

"तवा म्या डाग बघून चोळलं," ती म्हणाली. "तुला इचारलंच न्हाई. आता डाग काही दिसत न्हाई मला. कुठं कुठं लागलं व्हतं, ते दाव."

अक्का फडकं हातात घेऊन तशीच थांबली. मी खाली बसलो, मोजे काढले आणि मायच्या मांडीवर पाय ठेवला. उजवा आधी. मग एकेक जागा बोटानं दाखवत गेलो.