नोटिशीवर नसलेली ओळ

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी ताईचा फोन आला. "डिटर गेला रे…" एवढंच बोलली. चारकोपला तिच्या घरी पोहोचेपर्यंत मला दुःखाआधी सुटल्यासारखं वाटत होतं, हे आधीच कबूल करतो.

डिटर भावोजी जर्मन. तिकडे ते वकील होते. सरकारी कचेऱ्यांनी साध्या माणसांविरुद्ध काढलेल्या आदेशांवर भांडणं, हीच आयुष्यभराची वकिली. कुणाचं घर, कुणाचं दुकान, कुणाची पेन्शन… निवृत्तीनंतर ताईबरोबर इथे आले आणि बघता बघता मराठी बोलू लागले. इथे वकिली करायची परवानगी नव्हती, तरी सेक्टरमधले लोक आलेली प्रत्येक नोटीस त्यांच्याकडे घेऊन यायचे. भावोजी आधी कागदाचा तळ बघायचे. "कादंबरीही शेवटून वाचता का?" अशी मी चेष्टा करायचो. त्यांच्या देशात कचेरीने नकार दिला, की खालीच लिहावं लागतं: पटलं नसेल तर अमुक ठिकाणी, इतक्या दिवसांत दाद मागा. ते लिहिलं नाही, तर माणसाला वर्षभराची मुदत मिळते.

मी पालिकेच्या वॉर्ड कचेरीत नोकरीला. एका संध्याकाळी गॅलरीत त्यांनी माझ्यापुढे हिराबाईची नोटीस धरली. ही ताईकडे मासळी आणणारी कोळीण. मंडईतली तिची सासूपासूनची जागा रद्द झाली होती.

"दाद कुठे मागायची, ते कुठाय?"

"ते छापलं तर रांग लागेल ना भावोजी! वाट लागेल आमची."

"मुदत तीस दिवसांची होती. आज चाळिसावा. ती दहाव्या दिवशी तुमच्या खिडकीवर आली होती. तिथला साहेब म्हणाला, पुढच्या महिन्यात या."

खिडकीवर मीच होतो. त्या दिवशी मला कटकट नको होती, बस. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं. आत ताई पोहे परतत होती. "तुझ्या ताईला मी सांगणार नाही," भावोजी म्हणाले. "तू सांग."

मी सांगितलं नाही. भावोजी हिराबाईबरोबर कितीदा तरी कचेरीत आले, रांगेत उभे राहिले. मुदत संपली, हे एकच उत्तर. जागा गेली. हिराबाई आता गटाराच्या कडेला टोपली घेऊन बसते आणि पालिकेची गाडी दिसली की पळते. भावोजी माझ्याशी शेवटपर्यंत नीट वागले, पण पुन्हा एकही कागद मला दाखवला नाही. मला त्यांचाच राग यायचा. चूक माझी, आणि राग त्यांच्यावर!

मागच्या रविवारी मी ताईकडे असताना हिराबाई तिला भेटायला आली. ताईने तिला भावोजींच्या वेताच्या खुर्चीत बसवलं आणि मला विचारलं, "तू ओळखतोस ना रे हिला?"

मी "नाही" म्हणालो.

हिराबाईने माझ्याकडे नीट पाहिलं. "सायेबांना किती मानसं भेटतात," ती म्हणाली, "कोन ध्यानात ठेवील!" आणि चहा संपवून उठली.

ताई वर्तमानपत्राची ही पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचते. तोंडाने सांगायची हिंमत अजून होत नाही, म्हणून इथे लिहिलं. वाचल्यावर ती मला त्या घरात येऊ देईल की नाही, माहीत नाही.