मोडनिंबची परदेशी

मदारबीचा जन्म मोडनिंबचा. बाप पिंजारी, गाद्यांचा कापूस पिंजत गावोगाव फिरायचा आणि ही पोर त्याच्या मागं मागं. तिनं कधी समुद्र पाहिला नाही, मुंबईसुद्धा पाहिली नाही. तरी केस पिकायला लागल्यावर सरकारनं तिला परदेशी ठरवलं.

ते झालं नवऱ्यापायी. कुर्बानअली इराणातल्या यज्दचा. तरुणपणी मुंबईमार्गे सोलापुरात आला आणि स्टेशनाकडच्या रस्त्याला त्यानं पावाची भट्टी टाकली. गिरणीचे कामगार भोंग्याआधी त्याच्याकडून पाव न्यायचे. मदारबीशी निकाह झाल्यावर तोही तिच्यासारखं ‘हाय-न्हाय’ बोलू लागला. इराणी पासपोर्ट मात्र त्यानं सोडला नाही. आपल्या मातीचं एवढंच उरलंय, म्हणायचा. विषमज्वरानं तो गेला. मदारबीनं आसवं पुसली आणि भट्टी पुन्हा पेटवली. एकुलती लेक जैनब, तिला अक्कलकोटच्या दस्तगीरला दिली.

एकोणिसशे एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात एक शिपाई दारात आला. इराणी बाई कोण, विचारू लागला. मदारबीला वाटलं, नवऱ्याचं काही जुनं काम असेल. तो वारला म्हणून तिनं सांगितलं.

“ते वारले, पण तुमी हाय की,” शिपाई म्हणाला.

कचेरीत पंचाक्षरी नावाचा कारकून होता. माणूस भला. त्यानं तिला बाकावर बसवून समजावलं. परदेशी माणसाशी लग्न केलेली बाई नवऱ्याच्या देशाची होते, आणि नवरा मेला तरी ते तिच्या अंगावरून उतरत नाही. आता तिनं नाव नोंदवायचं, राहण्याचा परवाना घ्यायचा, तो संपायच्या आत वाढवून घ्यायचा, आणि सोलापूर सोडायचं तर आधी साहेबाची मंजुरी आणायची. जैनबचं काय, असं तिनं घाबरून विचारलं. जैनब सोलापुरात जन्मली, म्हणून ती इथलीच, पंचाक्षरी म्हणाला. इराण्याची लेक इथली आणि पिंजाऱ्याची लेक इराणची, हे काही मदारबीच्या डोक्यात शिरेना.

तिनं मोडनिंबहून म्हाताऱ्या धोंडीरामला बोलावून आणलं. ही आमच्या गावची, माझ्या अंगणात खेळलेली, असं त्यानं साहेबापुढं हात जोडून सांगितलं. साहेब म्हणाला, जन्माबद्दल कुणाला शंकाच नाही. प्रश्न लग्नाचा आहे. मूळचा हक्क परत मिळावा म्हणून पंचाक्षरीनं तिचा अर्ज मुंबईला धाडून दिला. उत्तर आलं नाही.

जैनब पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलंही होतं. पण सातव्यातच तिच्या पोटात दुखू लागलं. दस्तगीरचा भाऊ निरोप घेऊन आला, तेव्हा मदारबी भट्टीतून पाव काढत होती. तशीच पिठाच्या हातानं ती कचेरीत गेली.

अक्कलकोट म्हणजे संस्थान, दुसऱ्या राजाचा मुलूख. तिथं जायला साहेबाची सही हवीच. आणि साहेब करमाळ्याला दौऱ्यावर. उद्या येतील, पंचाक्षरी म्हणाला. न विचारता गेलात तर परवाना रद्द होईल, मग कुठं पाठवतील कुणास ठाऊक, हेही त्यानंच सांगितलं, तिच्या काळजीनं. इराण हे नाव त्यानं घेतलं नाही, पण मदारबीनं ते ऐकलं. अक्कलकोटची गाडी निघून गेली. ती व्हरांड्यातच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी साहेब आला नाही. मदारबी उठली.

“दादा, म्या जाते,” ती पंचाक्षरीला म्हणाली. “लिवायचं ते लिवून ठेवा.”

त्यानं मान खाली घातली, अडवलं नाही.

अक्कलकोट रोड स्टेशनावर उतरून तिनं टांगा केला. दस्तगीरच्या दारात माणसं बसलेली होती. तिला पाहून सगळी उठून उभी राहिली. जैनबला सकाळीच माती दिली होती. बाळ जगलं होतं, मुलगा, मूठभर जीव, कापसात गुंडाळलेला. शेजारची चन्नम्मा रात्रभर जैनबच्या उशाशी होती. तिनं हळूच सांगितलं, पहाटेपर्यंत पोर शुद्धीवर होती; आई येतीया का, एवढंच विचारत होती.

मदारबी कालच्या गाडीचा विचार करत राहिली. ती गाडी पकडली असती तर.

जैनबचा चाळिसावा दिवस होईपर्यंत ती तिथंच राहिली, कापसाच्या बोळ्यानं बाळाला दूध पाजत. मग ते अंग धरू लागलं आणि ती सोलापूरला परतली, आपल्या पायानं कचेरीत गेली. खटला उभा राहिला. मंजुरी का घेतली नाही, असं मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

“मागितली व्हती,” ती म्हणाली.

महिन्याची कैद झाली. तोवर विलायतेत लढाई पेटली होती. सुटून आली तेव्हा परदेशी लोकांवरची नजर आणखी कडक झालेली. परवाना थोड्या थोड्या मुदतीचा मिळू लागला, आणि अक्कलकोटला जायची मंजुरी मागितली की नकार. पंचाक्षरीची बदली झाली होती. नव्या कारकुनाला तिचं नाव नीट उच्चारताही येत नव्हतं, तो तिला इराणी बाईच म्हणे.

भट्टी तिनं विकून टाकली आणि राहत्या घराच्या मागच्या खोलीत पिंजणाचं काम धरलं, बापाचं.

पुढच्या वर्षीच्या रमजान ईदेला दस्तगीर तिच्या नातवाला घेऊन आला. त्यानं दुसरा निकाह केला होता; बायको चांगली होती, मुलाला जीव लावत होती, हे त्यानं नजर चुकवत सांगितलं. मदारबीनं बरं झालं म्हटलं आणि हात पुढं केले. बाळ बापाला घट्ट धरून राहिलं. तिच्या मांडीवर दिलं तेव्हा अनोळखी माणसाच्या हातात पडल्यासारखं ते किंचाळून रडायला लागलं, आणि निळं पडेल म्हणून दस्तगीरनं ते परत घेतलं.

संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. मदारबी स्टेशनापर्यंत त्यांच्याबरोबर चालत आली आणि फाटकाशी थांबली.