आई माझ्यासोबत खोलीवर आली

टेम्पोत आधी स्टोव्ह चढला, मग गादी, पिठाचा डबा, माझ्या पुस्तकांची पेटी आणि सगळ्यात शेवटी आई. निमगाव केतकीजवळच्या आमच्या वस्तीवरून आम्ही दोघी बारामतीला राहायला निघालो होतो. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मला अकरावी सायन्सला तिथं प्रवेश मिळाला होता आणि पुढं इंजिनिअरिंगच करायचं, हे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवून टाकलं होतं. धाकटा भाऊ किसन तेव्हा पाच वर्षांचा. तो मालनकाकीचा, आमच्या चुलतीचा, पदर धरून उभा होता. आई बाजारला चाललीय, संध्याकाळी येईल, असं काकीनं त्याला सांगितलं होतं. त्यानं हसत हात हलवला. आई माझ्याकडं पाठ करून बसली, ती भवानीनगर मागं पडलं तरी वळली नाही.

पोरीला एकटीला खोलीवर ठेवायचं नाही, हे आबांचं पहिलं म्हणणं. दुसरं म्हणणं असं, की खोली एवढीशी, त्यात पाच वर्षांचं पोर असलं की अभ्यास कसला होतोय. म्हणून आई माझ्यासोबत आणि किसन काकीजवळ. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. आज्याला किसनला मागं ठेवणं पटलं नव्हतं. तो ओट्यावर बसून म्हणाला होता, "मेंढरामागं जाताना आमी पोरं घोड्यावर बांधून न्यायचो. मागं ठिवत नव्हतो." आबा म्हणाले, "तवाचं येगळं हुतं, तात्या." विषय तिथंच संपला.

मराठी शाळेतून आलेली मी पहिले काही महिने नुसती गांगरून गेले होते. गती, बल, आम्ल, सगळ्यांची नावं एका सुट्टीत बदलली होती. पुस्तकात प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीनं अर्थ लिहायचे, तेव्हा कुठं एक पान पुढं सरकायचं. सकाळी क्लास, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. तेव्हा सीईटी नव्हती. बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या मार्कांवर सगळं ठरायचं. कॉम्प्युटर मी पहिल्यांदा बारामतीतच पाहिला, चपला बाहेर काढून. देवघरात शिरावं तशा आम्ही मुली आत गेलो. सरांनी त्यावरचं कापड काढलं, आणि मला हेच शिकायचंय, असं मनाशी पक्कं झालं.

आईला खोलीवर काम पुरत नव्हतं. घरी पहाटेपासून शेण, धारा, भाकऱ्या, खुरपणी. इथं दोघींचा स्वयंपाक झाला की दिवस संपेना. मी वाचत असले की ती स्टोव्ह उचलून दाराबाहेर न्यायची, त्याच्या आवाजाचा मला त्रास नको म्हणून. तिला वाचता येत नव्हतं, पण 'प्रॅक्टिकल', 'व्हायवा', 'जर्नल' हे शब्द तिच्या तोंडात बसले. शेजारणींना सांगायची, "आमच्या पोरीचं परटिकल हाय." मला खरं सांगायचं तर ते दिवस आवडायचे. एवढ्या माणसांच्या घरात आई अशी एकटी माझ्या वाट्याला कधी आलीच नव्हती.

शनिवारी दुपारच्या एसटीनं आम्ही घरी जायचो. सुरुवातीला किसन रविवारी संध्याकाळी गाडीमागं धावायचा, काकी त्याला ओढून धरायची. मग धावणं बंद झालं. मग रडणंही. सगळ्यांना वाटलं, चला, पोरगं रुळलं.

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. आई अंगणात ज्वारी पाखडत होती, काकी गोठ्यात होती. किसन बांधावरून पडला, गुडघा फोडून घेतला आणि रडत अंगणात आला. आईनं सूप टाकलं आणि दोन्ही हात पसरले. तो तिच्या बाजूनं पुढं पळत गेला, थेट गोठ्यात. काकी ओशाळली. त्याला पुढं करत म्हणाली, "आरं, तुजी आई हितं हाय की. तिच्याकडं जा."

तो काकीच्या लुगड्यात तोंड घालून म्हणाला, "ती अक्काची आई हाय."

अक्का म्हणजे मी.

आईनं सूप उचललं. संध्याकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मी केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून नुसतीच बघत होते. ती म्हणाली, "काय वाचतीस? मोठ्यानं वाच." मी वाचायला लागले. तिला एक अक्षरही कळत नव्हतं. बारामतीचा स्टँड येईपर्यंत तिनं मला थांबू दिलं नाही.

बारावीला मार्क चांगले पडले. पुण्यात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला, हॉस्टेलही. मुलींच्या हॉस्टेलला भिंत होती, राखणदार होता, आबांची काळजी मिटली. आई घरी परतली. पण किसनचं अंथरूण काकीच्या खोलीतच राहिलं. आईशी तो वाईट वागला असं कधी झालं नाही. उलट फार नीट वागायचा. पाहुण्या बाईशी वागावं तसं. पाणी द्यायचा, विचारलं तेवढं सांगायचा. काकीशी भांडायचा, रुसायचा, तिच्या ताटातलं उचलून खायचा. त्याच्या लग्नात नमस्काराला तो आधी काकीपुढं वाकला. आईनंच त्याला हातानं तसं दाखवलं होतं. मी बघितलं.

माझा यात दोष नाही, हे मला सगळ्यांनी सांगितलंय. आबांनी, काकीनं, नवऱ्यानं. दोष नाहीच. पण बंगळुरूच्या ऑफिसात कुणी 'सेल्फमेड' म्हणून माझं कौतुक केलं, की मला अंगणात हात पसरलेली आई दिसते. तुमच्यापैकी जे गाव सोडून आले, त्यांच्या मागंही कुणीतरी असं अंगणात उभं असेल.

माझं लग्न उशिरा, मूल त्याहून उशिरा. माझे दिवस भरत आले तेव्हाच किसनच्या बायकोचेही भरत आले होते. किसनचाच फोन आला. "अक्का, आईला धाडून देतो. तिला तुज्याकडंच बरं वाटतं." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग आईनं फोन घेतला. "न्हाय येत मी," ती म्हणाली. "एकदा तुज्यासंगं आले. आता हितंच ऱ्हाते." मी "बरं" म्हटलं. नवऱ्याला कळू न देता रडले, आणि रडतानाच छातीवरचं ओझं थोडं हललंही.

लेक हिंडती झाल्यावर तिला घेऊन वस्तीवर गेले. न्हाणीत आई किसनच्या पोराला पायांवर घेऊन अंघोळ घालत होती. किसन तांब्या धरून उभा.

"कढत हाय. इसावणाचं गार पाणी घातलं न्हाईस?"

"घातलंय की. तुला सगळंच कढत लागतंय."

"बापाला अक्कल असती तर—"

"मग तूच वत. मी चाललो."

तो तांब्या आपटून निघाला आणि चार पावलांवरून परत आला. दोघं पुन्हा भांडायला लागली. काकी चुलीपुढून माझ्याकडं बघून हसली. "आजकाल रोज चालतंय हे," ती म्हणाली.

मग तिनं माझ्यासाठी ओट्यावर सतरंजी टाकली, चांगल्या कपातून चहा दिला. किसननं हातपाय धुवायला पाणी आणून ठेवलं, "प्रवास बरा झाला का अक्का," असं नीट विचारलं. आता माझं माहेर हे असं आहे. त्या घरात माझ्याशी कुणी भांडत नाही. मी चहा घेत बसते आणि न्हाणीतला आवाज ऐकते.