मुलाखतीला पाच जण

शिक्षण संपल्यावर एक वर्ष मी लोकांना नोकऱ्या मिळवून देत होते. माझ्या स्वतःच्या नोकरीचा पत्ता नव्हता, ही गोष्ट वेगळी. एका सेवाभावी संस्थेची ती फेलोशिप होती. हातावर पोट असलेल्या माणसांचे बायोडेटा करायचे, त्यांची मुलाखतीची तयारी करून घ्यायची आणि त्यांच्याबरोबर मालकाच्या दारात जाऊन उभं राहायचं. नवी मुंबईतल्या बोनकोडे गावात एका घराच्या पहिल्या मजल्यावर आमची खोली होती. गावातलीच घरमालकीण मला चढताना बघून हटकायची, "बायो, पानी पी पयलं, मंग दे लोकांना काम." तिच्या मते नोकऱ्या मी पोत्यात भरून आणल्या होत्या आणि वाटायला उगाच वेळ लावत होते. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. कामाचा इतका रुबाब मला पुन्हा कधी करता आला नाही.

दिवाळी झाल्यावर एक काका काम मागायला आले. साताऱ्याकडचे, कांदा-बटाटा बाजारात बावीस वर्षं हमाली केलेले. गुडघा गेला होता. पोतं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांच्या टोळीतले चौघं तीन महिने त्यांच्या वाट्याचीही पोती उचलत होते, एका शब्दाने न बोलता. तेच काकांना सहन होत नव्हतं.

"म्याडम, वझं नसंल असं काम बगा. न्हाई घावलं तर बिऱ्हाड घिऊन गावाकडं जातो. पर पोरगी बारावीला हाय, तिचं वरीस बुडतंय."

काम सापडलं ते न्हावा शेवा बंदराच्या बाजूला, एका गोदामात. कंटेनरमध्ये माल नीट लावून घेणारा अनुभवी माणूस त्यांना हवा होता. जागा एकच. मी आठवडाभर काकांची उजळणी घेतली. "तुमच्यातल्या तीन चांगल्या गोष्टी सांगा." काका भिंतीकडे बघून हसायचे. "आपलं आपुनच काय सांगायचं?" मी चिडायचे. चिडायची तेव्हा मला हौसच होती. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं मला खरं वाटायचं.

मुलाखतीच्या सकाळी गोदामाच्या फाटकाशी पोचले, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे आणि त्यांच्यामागे अख्खी टोळी. चौघांच्या डोक्याची फडकीसुद्धा तशीच होती.

"हे सगळे कशाला आलेत?"

"त्येच बोलनार की," काका म्हणाले.

टोळीतले सगळ्यात वयस्कर बाबा पुढे आले. "ताई, पोरगी बघाय गेल्यावर नवरा सवता बोलतो व्हय? चार मानसं बोलत्यात."

टोळीत नवा माणूस घेतानाही असंच असतं, हे मला नंतर कळलं. येणारा गप्प उभा राहतो, त्याला ओळखणारे त्याच्याविषयी बोलतात. स्वतःचे गोडवे गाणाऱ्याला टोळी जवळ करत नाही. त्या क्षणी मात्र मला घाम फुटला. जागा एक आणि ही वरात! "इथेच थांबायचं, आत पाऊल टाकायचं नाही," असं चौघांना दरडावून मी काकांना आत नेलं.

साहेब तरुण होता आणि सभ्य होता. "बोला काका, काय काय येतं तुम्हाला?"

काका टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. "टोळीत हाय," एवढंच म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. मी खुणा करून थकले. साहेब फाईल मिटायला लागला तेव्हा मला त्या पोरीचं वर्ष बुडताना दिसलं. "सर, दोन मिनिटं," म्हणत मी उठले आणि फाटकाकडे धावले.

"चला आत. तुम्हीच बोला."

आणि ते बोलले. एक म्हणाला, यानं लावलेली थप्पी आजवर घसरली नाही. दुसरा म्हणाला, ट्रकात नुसतं डोकावून किती पोती बसतील ते सांगतो. तिसऱ्याने विजार वर करून पाय दाखवला. पोती अंगावर येत होती तेव्हा यानं ओढलं, म्हणून हा जागेवर आहे, म्हणाला. बाबा फडक्याने तोंड पुसत राहिले. काका सगळा वेळ मान खाली घालून उभे होते, बोहल्यावरच्या नवऱ्यासारखे.

साहेब उठला आणि काकांना बाहेर अर्ध्या भरलेल्या कंटेनरपाशी घेऊन गेला. काका लंगडत पुढे झाले, आत डोकावले. "खालची रांग आडवी घ्या, न्हाईतर वळनावर माल सरकंल."

"सोमवारपासून या," साहेब म्हणाला.

मी इतकी खूश झाले की खोलीवर पेढे वाटले. घरमालकिणीने दोन घेतले.

महिन्याने चौकशी करायचा आमचा नियम होता. मी गेले तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. अंगात पिवळं जाकीट घातलेले काका कंटेनरच्या सावलीत बसले होते. गुडघा बरा होता, पोरीचा अभ्यास चालू होता. "काही त्रास?" मी विचारलं.

"तरास काय न्हाई." त्यांनी डबा उघडला. भाकऱ्या एकट्यापुरत्या, पण कालवण भला मोठा डबाभर. इतकं कसं, विचारल्यावर काका ओशाळले. बाजारात पाच जण एकत्र जेवायला बसायचे आणि कालवण काकांच्या घरून यायचं, सगळ्यांचं. "बायकोचा हात तेवढाच हाय. मी बी तिला काय बोललो न्हाई."

आसपास जो तो आपापल्या कोपऱ्यात, मोबाईलमध्ये मान घालून जेवत होता.

"काम ब्येस हाय, म्याडम," काका म्हणाले. "पर बावीस वर्सांत कवा एकटा जेवलो नव्हतो."

मला फार वाईट वाटलं. या माणसाला टोळीतून उठवून मीच इथे आणून बसवलं होतं. मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर बसले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली, झाकणात कालवण वाढलं आणि वर आणखी एक पळी घातली.

"नको काका, तुम्हाला राहू द्या."

"घ्या वो," ते डब्यात बघत म्हणाले. "अजून तिघांचं उरतंय."