अकरा सन्मानचिन्हं आणि एक कुलूप

आमच्या घरात लोखंडी कपाटावर अकरा सन्मानचिन्हं आहेत. सगळी ब्लॉगिंग नाहीतर सोशल मीडियाच्या संमेलनांतली. सात काचेची, तीन लाकडाची, आणि एक कशाचं आहे ते देणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं. घरी कोणी आलं की अण्णा, म्हणजे माझे वडील, ती खाली काढून पुसतात. मी हात लावत नाही. पण एकेकाकडं बघितलं की एकेक किस्सा आठवतो, आणि मित्रांमध्ये बसलो की तेच सांगावे लागतात. माझ्या भाषणाबद्दल कोणी विचारत नाही. बरोबरच आहे. अकरा ठिकाणी मिळून मी जेमतेम अर्धा तास बोललो असेन.

मी ब्लॉगर कसा झालो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. तिथं मुलींच्या शौचालयाला कुलूप असायचं. चावी प्राचार्यांच्या केबिनमध्ये खिळ्याला. तपासणीची कमिटी आली, बाहेरचे पाहुणे आले की कुलूप निघायचं. ते गेले की परत लागायचं. कारण विचारलं तर उत्तर एकच, पोरी घाण करतात. मी त्या कुलपाचा फोटो काढून ब्लॉगवर टाकला आणि खाली एवढंच लिहिलं. पोस्ट जिल्हाभर फिरली. प्राचार्यांनी अण्णांना बोलावून घेतलं आणि माझ्याकडून माफीनामा मागितला. मी म्हणालो, फोटो कुलपाचा आहे, माफी कुलपाची मागू का?

अण्णा म्हणाले, "सर, हा न्हाई लिहीत तर मी लिहून देतो."

दिलाही लिहून. मी कॉलेज सोडलं. कुलूप राहिलं.

आता माझी धाकटी बहीण प्रतीक्षा त्याच कॉलेजात आहे. आमच्या गावातून काळी-पिवळी जीपनं जाऊन-येऊन करता येईल असं दुसरं कॉलेज नाही. ती सकाळी सातला निघते, तीनला परत येते, आणि तोवर पाण्याचा घोट घेत नाही. आई बाटली भरून देते. ती भरलेली नेते, भरलेलीच आणते. उन्हाळ्यात दोनदा सलाईन लावावं लागलं. म्हणून कुठल्याही संमेलनाला मी एकच भाषण घेऊन जातो. त्याचं पहिलं वाक्य आहे, "आमच्या कॉलेजात एक कुलूप आहे."

दुसरं वाक्य स्टेजवरून अजून कोणी ऐकलेलं नाही.

*

पहिलं संमेलन जाफराबादला. विषय, 'सोशल मीडिया : शाप की वरदान'. मला चाळीस मिनिटं दिली होती.

स्टेजवर अठरा माणसं. समोर त्याहून थोडी जास्त. अठराही जणांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचा सत्कार राहिला असं कोणाच्या तरी लक्षात आलं, तोही झाला. मग अध्यक्ष उठले. वय सत्तरच्या पुढं. पन्नास मिनिटं एकच मुद्दा: मोबाईलनं ही पिढी वाया गेली, पोरं मान वर करून बघत नाहीत. एवढं बोलून मध्येच थांबले आणि पहिल्या रांगेत बसलेल्या नातीला म्हणाले, "लाईव्ह चालू हाय ना गं? किती जण बघून राह्यले?"

नात मान वर न करता म्हणाली, "चार. त्यातले दोन आपल्याच घरचे."

मग माझा नंबर लागला. चाळीसची पाच मिनिटं झाली होती. मी म्हणालो, "आमच्या कॉलेजात एक कुलूप आहे." तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं की जेवण तयार आहे.

वरण मात्र चांगलं होतं.

*

आपल्या जिल्ह्यात संमेलन कुठंही असो, सूत्रसंचालक एकच. काळे गुरुजी. शाळेतून निवृत्त झाले, माईकवरून झाले नाहीत. प्रत्येक वक्त्याकडून परिचय लिहून घेतात आणि स्वतःला पाहिजे तसा वाचतात.

शिक्षणाच्या रकान्यात मी लिहितो : बी.ए. दुसरं वर्ष, सोडलं. पहिल्या वेळी गुरुजींनी वाचलं, "उच्चविद्याविभूषित." मी खाली उतरल्यावर म्हणालो, गुरुजी, मी कॉलेज सोडलंय, लिहिलंय तसं वाचा की. गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, बिलकुल, पुढच्या वेळी बराबर वाचतो.

पुढच्या वेळी वाचलं, "ज्यांनी समाजासाठी शिक्षणाचा त्याग केला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा त्या दिवशी सोबत होते. त्यांनीही वाजवल्या. ज्या माणसानं माझ्या नावानं माफीनामा लिहून दिला, तो माझ्या त्यागाला टाळ्या वाजवत होता. वर घरी येताना अण्णा म्हणाले, गुरुजी लई अभ्यास करून बोलतात.

*

घनसावंगीला 'ग्रामीण ब्लॉगलेखन' असं चर्चासत्र होतं. तिथले अध्यक्ष ज्येष्ठ ब्लॉगर होते. मी त्यांचं नाव कधी ऐकलं नव्हतं, पण ते स्वतःच सांगत होते की मी आठ वर्षांपासून नियमित ब्लॉग लिहितो, आणि आजच्या पोरांना सातत्य नाही. माझ्याकडं बघून म्हणाले. सातत्य खरंच नाही माझ्यात. दुसरं वाक्यच होत नाही तर सातत्य कुठून येणार?

प्रश्नोत्तरात एका मुलीनं उठून विचारलं, "सर, तुमच्या ब्लॉगची लिंक द्याल का?"

अध्यक्ष म्हणाले, "बसस्टँडसमोर झेरॉक्सवाला हाय ना, त्याच्याकडं ठेवलाय. माझं नाव सांग."

मुलगी अजून उभीच. त्यांना वाटलं शंका राहिली.

"दुपारी एक ते चार बंद असतो," ते म्हणाले.

माझं भाषण वेळेअभावी रद्द झालं. सन्मानचिन्ह दिलं. कशाचं आहे ते कळत नाही म्हणालो ना, ते हेच.

*

जालन्याचं संमेलन मोठं होतं. हॉटेलचा हॉल, गळ्यात ओळखपत्र, दारात फोटो काढायला रंगीत पडदा. तिथं सुरेखाताई भेटल्या. घनसावंगीकडच्या एका खेड्यातल्या. चुलीवर स्वयंपाक करतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. त्या हॉलमधल्या सगळ्या वक्त्यांना मिळून जेवढी माणसं ओळखत असतील, त्याहून जास्त माणसं त्या बाईची पिठलं-भाकरी बघतात. आयोजकांनी त्यांना शेवटचं सत्र दिलं होतं, 'महिला आणि समाजमाध्यमे'. आणि सकाळीच विनंती केली की ताई, तुम्ही आलाच आहात तर जरा आचाऱ्याकडं बघून घ्या.

सुरेखाताई गेल्या, भाजी चाखली, परत आल्या. आयोजकांना म्हणाल्या, "मीठ कमी हाय. वक्ते जास्त हायेत."

चहाच्या रांगेत त्या माझ्या पुढं होत्या. तू कशावर बोलणार म्हणून विचारलं. मी म्हणालो, आमच्या कॉलेजात एक कुलूप आहे. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मी सगळं सांगितलं, शेवटपर्यंत. माझं भाषण पूर्ण ऐकलेलं ते पहिलं माणूस. चहाचा अर्धा कप त्यांनी तसाच खाली ठेवला. मी म्हणालो, आवडला नाही का?

"आवडला की. पण मला एसटीनं जायचंय. बाईमाणसाला घराबाहेर पाणी मोजून प्यावं लागतं बाबा."

मग प्रतीक्षाचा नंबर मागितला. मला वाटलं, चॅनेल बघ म्हणायला असेल. दिला.

माझं सत्र त्या दिवशी झालं, पण माईक बंद होता. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं असेल. त्या राखीव होत्या आणि रिकाम्या होत्या.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी कोणाला समजावून सांगत नाही, नुसता सांगतो.

दिवाळीनंतर प्राचार्यांचा फोन आला. आमच्याच कॉलेजच्या. 'समाजमाध्यमे आणि निर्भय युवक' या विषयावर एक दिवसाचं संमेलन होतं आणि मी प्रमुख वक्ता. अहो-जाहो करत होते. कॉलेजात असताना त्यांनी मला 'ए' सोडून हाक मारली नव्हती. प्रमुख पाहुण्या सुरेखाताई. त्यांनी कॉलेजवर एक व्हिडिओ करावा अशी प्राचार्यांची इच्छा होती. शेवटी म्हणाले, तेवढा जुना विषय काढू नका, संस्थेचे लोक येणार आहेत.

मी हो म्हणालो. काढणार तर होतोच.

घरी सांगितलं तर अण्णा हरखले. स्वतःच्या सदऱ्याला इस्त्री करून आणली, माझ्या नाही. बघ, म्हणाले, मोठ्या माणसांशी नीट राहिलं की दिवस फिरतात. प्रतीक्षा भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं नाही.

"दादा, तू न्हाई बोललास तरी चालंल."

मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर बोलायचंय.

"तू बोललास की तुझे लाईक वाढतात. माझं कुलूप तिथंच राह्यतं."

मी भाकरी खाल्ली.

संमेलनाच्या दिवशी प्रतीक्षा स्वागत समितीत होती. तिनं स्वतःहून नाव दिलं होतं. सुरेखाताई गाडीतून उतरल्या, प्रतीक्षानं पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांनी पूर्ण प्यायला. केबिनमध्ये चहा झाला. पूर्ण. मग लिंबू सरबत, तेही पूर्ण. स्टेजवर बसल्यावर प्रतीक्षा परत ग्लास घेऊन आली. "ताई, घ्या ना." ताईंनी घेतला. दीपप्रज्वलन झालं, पाणी. सत्कार झाले, पाणी. मी शेजारच्या खुर्चीत बसून मोजत होतो. चार ग्लास, एक चहा, एक सरबत. पाणी मोजून पिणारी बाई.

प्राचार्य बोलायला उठले. लेकींना डिजिटल युगात भरारी घेऊ द्या, या वाक्यापर्यंत आले होते. सुरेखाताईंनी समोरचा माईक स्वतःकडं ओढला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सर, लेडीज बाथरूम कुठंशी हाय?"

प्राचार्यांनी शिपायाकडं बघितलं. शिपाई पळत केबिनकडं गेला, चावी घेऊन पळत आला. पाहुण्या पुढं, शिपाई त्यांच्या पुढं, मागं प्रतीक्षा. कुलूप निघालं. शिपाई जुना माणूस, सवयीचा. चावी काढून जल्दी केबिनमध्ये खिळ्याला लावून आला. कुलूप कडीलाच लटकत राहिलं.

सुरेखाताई बाहेर आल्या, पण हॉलमध्ये आल्या नाहीत. दाराशीच उभ्या राहिल्या. शिपाई कुलूप लावायला पुढं झाला तर म्हणाल्या, "थांब जरा. पोरी येऊन राह्यल्यात."

आधी मुलींची पहिली रांग उठली. मग दुसरी. काळे गुरुजी माईकवरून सांगत होते की कार्यक्रम चालू असताना कृपया कोणी जागा सोडू नये. तिसरी उठली. प्राचार्य भरारीवरच अडकले होते. एकदोन मॅडमही उठल्या, खाली बघत. पाच मिनिटांत हॉलमध्ये पोरं, खुर्च्या आणि संस्थेचे लोक उरले. संस्थेच्या लोकांना वाटलं मुलींचा वेगळा कार्यक्रम आहे.

मग गुरुजींनी माझं नाव घेतलं. या वेळी परिचय वाचलाच नाही, घाम पुसत होते. मी माईकसमोर गेलो. पूर्ण चाळीस मिनिटं होती. कोणी चिठ्ठी पाठवली नाही, जेवणाचा वास नव्हता, माईक चालू होता. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. रांग जिन्यापर्यंत गेली होती आणि पोरी हसत होत्या.

मी म्हणालो, "माझं झालं." आणि बसलो.

चार वाजता पाहुणे गेले. प्राचार्यांनी शिपायाला केबिनमध्ये बोलावलं. मी मानधनाच्या पाकिटासाठी तिथंच उभा होतो. शिपायानं खिळ्यावरची चावी काढली, गेला, आणि तशीच घेऊन परत आला.

"सर, चावी हाय," म्हणाला. "कुलूप न्हाई."

घरी जाताना काळी-पिवळीत आम्ही तिघं मागच्या सीटवर. माझ्या मांडीवर अकरावं सन्मानचिन्ह. प्रतीक्षाच्या मांडीवर तिची बॅग. रस्ता आपला आहे तसा आहे. पहिल्याच खड्ड्यात बॅगेतून खण्णकन आवाज आला.

अण्णा म्हणाले, "काय हाय गं त्याच्यात?"

"सन्मानचिन्ह."

"ह्याचं तर ह्याच्या हातात हाय. तुला कशाचं दिलं?"

प्रतीक्षानं बॅगेच्या बाजूच्या कप्प्यातून पाण्याची बाटली काढली. आईनं सकाळी भरून दिलेली. ती रिकामी होती. ती तिनं अण्णांच्या हातात दिली आणि म्हणाली, "अण्णा, फाट्यावर गाडी थांबली की भरून आणा."