सोयऱ्यांचा तंटा आणि तोतारामआबा

माझे शेजारी तोतारामआबा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. साक्री तालुक्यात कुठे भाऊबंदकी पेटली की आबांना बोलावणं. हा माणूस काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होता ना! तिथून आणलेला डाग हॅमरशॉल्डचा फोटो त्यांनी भिंतीवर लावलाय. स्वीडनचा हा मुत्सद्दी संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस होता. काँगोतली लढाई थांबवायला निघाला आणि १९६१ साली विमान कोसळून गेला. "हेमलताबाई, मोठमोठे देश चिडले होते त्याच्यावर," आबा सांगायचे. मी म्हणायचे, "मग कशाला पडावं माणसानं मधे?"

पण आबा पडलेच, तेही पोरीच्या सासरी. ज्योती पिंपळनेरला दिलेली. तिचा सासरा जगदीश आणि धाकटा चुलतसासरा गोपाल बांधावरून कुऱ्हाडीपर्यंत आले होते. आबा तिथे दिवसभर बसले. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही जुनी रीत त्यांनी पाळली. आणि दुपारी गोपालकडे चहा घेतला! तहानलेला माणूस, घेतला. तिथेच घात झाला. निकाल चोख होता, बांध दोन हात गोपालकडे सरकला, फायदा जगदीशचा. तरी जगदीश कडाडला, "आमचं पाणी चालत नाही, त्याचा चहा चालतो?" गोपाल म्हणाला, "चहा माझा प्याला आणि जमीनही माझीच कापली!"

मेल्यांची कमाल बघा, आबांना शिव्या देता देता दोघे भाऊ एक झाले.

तेव्हापासून तीन आखाज्या गेल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावातल्या झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात, ज्योतीला मात्र धाडत नाहीत. आबांची बायको केव्हाच वारली. दिवसचे दिवस त्या घरात बोलणं ऐकू येत नाही. मला रडू येतं आणि संतापही येतो.

यंदा मी म्हटलं, "चला आबा, मी येते सोबत. रीत होती म्हणून पाणी नाही प्यालो, एवढं सांगायला काय जातं?"

"नको माय," आबा अहिराणीवर आले. "माझ्यावरचा राग, हीच एक गोष्ट त्या दोघांची सामाईक शे. ती गेली तर बांध परत उकरतील."

आखाजीच्या सकाळी मी सांजोऱ्या द्यायला गेले, तेवढ्यात ज्योतीचा फोन आला. आबांना कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठाच असतो.

"आबा, दोन्ही घरांनी मिळून आखाजीचा झोका बांधलाय. सासरे आणि गोपालकाका एका पंगतीत बसले. तुमचं नाव काढलं की घर गप्प होतं, म्हणून आता मी काढतच नाही."

"बरं केलंस, बेटा," आबा म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, "बाई, आज तुझ्याकडे जेवायला आलो तर चालेल का?"