ऑड्रीच्या शेजारचा दोर

सुट्टीत काय करता असं कुणी विचारलं, की ऑड्री पिकर्ड "गावं बघतो" एवढंच सांगायची. खरं सांगितलं की लोक हसायचे. वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका शाळेत जन्मभर स्वयंपाक केलेली ही बाई आणि कुलपांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला तिचा नवरा लेनर्ड, दर मे महिन्यात एक शनिवार-रविवार हेरफर्डशरच्या आडगावांत जायचे ते तिथल्या चर्चच्या घंटा वाजवायला. मनोरा चढायचा, घंटा वाजवायच्या, खाली उतरून पबमध्ये बसायचं, की पुढचं गाव. दोघांची गाठही अशाच एका मनोऱ्यात पडलेली. लोकांना वेड वाटतं? वाटू दे की!

आणि ते काम तरी सोपं आहे का? सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं गोल उभी. दर फेरीला क्रम बदलतो. आपण कुणाच्या मागून ओढायचं हे ज्यानं त्यानं डोक्यात ठेवायचं. एक चुकला की सगळ्यांचा विचका.

गेली दोन वर्षं लेनर्ड विसरायला लागला होता. ऑड्री नेहमी त्याच्या शेजारचा दोर घ्यायची आणि त्याची पाळी आली की हळूच भुवई उडवायची. कुणी काही बोललं नाही. या लोकांत बोलायची पद्धतच नाही. घंटा कशाही वाजोत, खाली उतरताना सगळे "सुंदर झालं" म्हणतात आणि घरी जातात.

त्या शनिवारी ती दोघं नेदर ऑस्टन गावात आली. तिथल्या घंटा वाजवणाऱ्यांची म्होरकी ग्वेंडा, मेंढ्या पाळणारी धिप्पाड बाई. पाहुण्याचा मान म्हणून तिनं लेनर्डला सगळ्यात जड घंटा दिली आणि ऑड्रीला पार समोर उभं केलं.

"मी यांच्या शेजारी उभी राहिले तर?" ऑड्रीनं विचारून पाहिलं.

"अहो, घरी असताच की शेजारी!" ग्वेंडा म्हणाली. सगळे हसले. ऑड्रीही हसली. न हसून काय करते?

तिसऱ्या फेरीतच लेनर्ड हरवला. त्यानं भलत्याच वेळी दोर ओढला, मग घाबरून थांबला, मग पुन्हा ओढला. घंटा एकमेकींवर आदळल्यासारख्या वाजू लागल्या. ऑड्रीनं समोरून भुवया उडवल्या, मान हलवली, पण तो हातातल्या दोराकडेच बघत होता. शेवटी ग्वेंडा ओरडली, "थांबा!"

सगळं शांत झालं. "आमचा हा दोरच मेला जरा आखूड आहे," ग्वेंडा म्हणाली. बाकीच्यांनी लगेच दोराला नावं ठेवली.

पबमध्ये लेनर्डनं सायडरचा पेला समोर ठेवला, पण प्यायला नाही. "दोर ठीक होता, ऑड्री."

"अरे, ती म्हणाली ना..."

"ती म्हणणारच. इथं माणूस मनोऱ्यावरून पडला तरी म्हणतील, पायरीच निसरडी होती. मी विसरतो. आणि तू भुवया उडवतेस तेही मला ठाऊक आहे. या वयात बायको खाणाखुणा करते म्हणून मी खूश होतो, असं वाटलं तुला?"

ऑड्रीला हसू आलं नाही.

"उद्या प्रार्थनेआधी तू एकटी वर जा," तो म्हणाला. "मी खाली बसतो."

"मुळीच नाही! सरळ घरी जाऊ." आज हा खाली बसला तर पुन्हा कधी वर येणार नाही, आणि मग हळूहळू सगळीकडेच मागे राहील, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"दोन वर्षं तू माझीच घंटा सांभाळतेस. तुझी कोण ऐकतंय? मला तरी ऐकू दे."

रविवारी ती रागारागातच जिना चढली. शेजारी गावातला जनावरांचा डॉक्टर उभा होता. सुरुवात बरी झाली. मग सवयीनं तिचे डोळे बाजूला गेले, भुवई उडाली, डॉक्टर दचकून बघायला लागला आणि तेवढ्यात तिची स्वतःचीच पाळी हुकली. दुसऱ्या एका घंटेच्या ठोक्यावर तिचा ठोका जाऊन आदळला. कसंबसं तिनं सावरलं.

"सुंदर झालं!" ग्वेंडा म्हणाली. डॉक्टरही तेच म्हणाला.

लेनर्ड चर्चच्या आवारात, थडग्यांमधल्या बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. ती त्याच्याकडे निघाली. विचारायचं कसं? विचारलं आणि तोही सुंदर म्हणाला तर?

"मधे चुकलीस," तिनं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "चौथ्या घंटेच्या अंगावर गेलीस."

"हो," ती म्हणाली आणि बाकावर बसून चक्क हुंदके द्यायला लागली. प्रार्थनेला आलेली माणसं शहाण्यासारखी दुसरीकडे बघू लागली.

"रडतेस काय?" लेनर्डनं खिशातून रुमाल काढून तिच्या हातात कोंबला. "दुपारी पुढच्या गावात घंटा आहेत. तिथं नीट वाजव. मी ऐकणार आहे."